खांद्याचा राहिलेला धडा

हे गेले त्या सकाळी मी पहिला फोन मुलाला केला नाही. मुलगा पुण्यात असतो, त्याला नंतर केला, निपाणीला यांच्या धाकट्या भावाला त्याच्याही नंतर. पहिला फोन केला वैशालीला. का केला ते मला आजही धड सांगता येणार नाही. गेलं वर्षभर या घरातनं सगळ्यांत जास्त फोन तिलाच जात होते, म्हणून बोट तिच्याच नावावर पडलं असेल. वैशाली निपाणीच्या एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआयच्या मशीनवर काम करते. यांची विद्यार्थिनी. मी म्हटलं, "वैशाली, अण्णा गेले गं." मागं कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजत होता तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, "आक्का, खांदा राहिला की ओ." आणि बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं असावं, ती हमसून रडायला लागली, चुकलं चुकलं म्हणायला लागली. उलट मलाच तिची समजूत काढावी लागली. खरं सांगायचं तर त्या दिवशी घर भरून माणसं आली, ज्याला जसं सुचलं तसं बोलून गेली, पण माझ्या मनातलं बोलली ती एकटी वैशाली. खांदा राहिला होता.

यांना सगळे अण्णा म्हणायचे. दवाखान्यातले डॉक्टर, वॉर्डातल्या आया, कॉलेजातली पोरं, सगळी. आणि अण्णांची बायको म्हणून मी आपोआप आक्का. म्हणजे नवराबायकोची लोकांनी भाऊबहीण करून टाकली, आणि इतक्या वर्षांत एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. हे मात्र मजा घ्यायचे. लग्नाच्या वाढदिवसाला पाट मांडून बसायचे आणि "आक्का, ओवाळ की गं" म्हणायचे. निपाणीजवळच्या खेड्यातलं तंबाखूची शेती असलेलं जैन घर यांचं. घरात अर्धं बोलणं कन्नडमधनं, अर्धं मराठीतनं, आणि भांडण ज्याला ज्या भाषेत सोपं पडेल त्या भाषेतनं. बेळगावात आले ते एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायच्या नोकरीवर. पुढं मशीनं बदलत गेली तसे हे शिकत गेले, एमआरआय आल्यावर तर त्यातच बुडाले, आणि रिटायर झाल्यावर एका कॉलेजात तेच शिकवायला लागले. मी कॅम्पातल्या एका शाळेत गणित शिकवत होते. यांच्या पाळ्या, माझी शाळा, घरच्या शिकवण्या... आम्ही दोघं एका जागी निवांत बसलोय असं चित्र टिळकवाडीतल्या आमच्या शेजाऱ्यांनी फारसं बघितलेलं नाही. त्यात मी बसणारी बाई नव्हे. काम संपलं की उठायचं, दुसरं हातात घ्यायचं. हे मला म्हणायचे, तुझ्या पायाला भिंगरी बांधून तुझ्या आईनं पाठवलंय.

आता खांदा राहिला म्हणजे काय राहिलं, ते सांगते. माणसाला एमआरआयच्या बोगद्यात सरकवलं की मशीन आधी दोनचार ढोबळ चित्रं घेतं, त्याला लोकलायझर म्हणतात. त्या चित्रांवर टेक्निशियननं रेघा मारायच्या आणि मशीनला सांगायचं, इथनं इथपर्यंत, एवढं तिरकं, असे काप घे. खरी चित्रं त्या रेघांप्रमाणं येतात. रेघ चुकली की दुखणं असूनही दिसत नाही. हे पोरांना सांगायचे, वाटणी करायच्या आधी बांधावर उभं राहून शेत बघायला लागतंय, घरात बसून कागदावर रेघा मारशीला तर भाऊ भाऊ कोर्टात जातील. पण पोरांना शेत बघायला मिळणार कुठनं? मशीन सकाळपासून रात्रीपर्यंत पेशंटनं भरलेलं. शिकाऊ पोरांना काचेच्या अलीकडनं बघायची तेवढी मुभा. म्हणून सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा हे लहान मुलासारखे खूश झाले. सगळी तालीम कॉम्प्युटरवर. रेघा तुम्ही मारायच्या, आणि त्या रेघांनी खऱ्या मशीननं जी चित्रं दिली असती ती समोर येतात. चुकलं तर पुसा, परत मारा, कुणाला परत बोगद्यात निजावं लागत नाही.

यांच्या डोक्यानं मग एकच घेतलं. आपल्या भागातल्या पोरापोरींसाठी आपल्या बोलीत धडे करून ठेवायचे. निपाणी, चिकोडी, खानापूर, सगळीकडं आता सेंटरं निघालीत, मशीन बसवून देणारा माणूस दोन दिवस इंग्रजीतनं शिकवून जातो आणि पुढं ती पोरं एकटी. स्क्रीनवर रेघा मारत जायचं, बोलत जायचं आणि ते रेकॉर्ड करायचं, असा यांचा बेत. डोकं झालं, कंबर झाली, गुडघा झाला. खांदा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तोच सगळ्यांत अवघड. वैशालीच्या सेंटरचेही खांद्याचेच स्कॅन नीट आले नाहीत म्हणून डॉक्टरांकडनं परत यायचे, आणि हात वर उचलत नाही म्हणून आलेल्या माणसाला तेच दुखणं घेऊन पुन्हा निजावं लागायचं. हे म्हणायचे, गुडघा गुणी लेकरू आहे, ठेवाल तिथं राहतं. खांदा म्हणजे रुसलेला जावई. मांडवात मधे येऊन बसणार नाही, कडेला जाऊन तिरका बसणार. त्याला हलवता येत नाही, आपणच उठून त्याच्याकडं जायचं. म्हणजे पेशंटला टेबलावर दुसऱ्या अंगाला सरकवून खांदा होईल तेवढा मध्यावर आणायचा. आणि एका लोकलायझरवर भागवायचं नाही, तो सगळा छातीवरच येतो आणि खांदा कोपऱ्यात अर्धा कापलेला. खांद्यावर नेम धरून दुसरा घ्यायचाच. पहिला फोटो ओळखीचा, दुसरा कामाचा, असं यांचं वाक्य होतं. घाईतली पोरं नेमका हा दुसराच गाळतात.

आणि खांद्याशी पोचेपर्यंत यांचाच हात गेला. सुरुवात माऊसपासनंच झाली. उजव्या हाताचं बोट बटणावर असायचं, पण दाबलं जायचं नाही. मला वाटलं माऊस बिघडला, मी नवा आणला. जन्मभर दुसऱ्यांच्या नसा आणि स्नायू बघितलेला माणूस, यांना डॉक्टरांच्या आधी कळलं होतं. मोटर न्यूरॉनचा आजार. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही आणि स्नायू वाळत जातात, आधी हात, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं. औषध असं नाही. दवाखान्यातनं परत येताना रिक्षात मी रडत होते आणि हे बाहेर बघत होते. घर आल्यावर म्हणाले, "बोलणं जायच्या आत खांदा व्हायला पायजे." बाकी कशाचं काही नाही. मला इतका राग आला म्हणून सांगू! इथं माझा संसार उलटा झालाय आणि या माणसाला खांदा सुचतोय. दोन दिवस मी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चारच्या चहानंतर जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला, यांची खुर्ची एका बाजूला, माझी दुसऱ्या, आणि माऊस मी हातात घेतला.

गणिताच्या बाईला रेघ मारायला शिकवायची, यात यांना फार मजा येत होती. माझं आयुष्य फळ्यावर सरळ रेघा मारण्यात गेलेलं. पडद्यावर तीन करडी चित्रं असायची, खांदा वरनं बघितलेला, समोरनं बघितलेला आणि बाजूनं. मी रेघांचा जुडगा आणून ठेवायची तो पडद्याच्या कडेला अगदी समांतर. हे म्हणायचे, पेशंटच्या अंगात काटकोन नसतोय. आणि डावं-उजवं तर माझं कायम उलटं. एमआरआयचं चित्र म्हणजे पेशंट आपल्याकडं तोंड करून उभा, त्यामुळं त्याचा उजवा खांदा आपल्या डाव्या हाताला. मी दर वेळी फसायची आणि माऊसला, टेबलाला, डोळ्यांच्या डॉक्टरला नावं ठेवायची. हे शांतपणे म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. मग मी उसळायची, तुम्हाला काय, उंटावरनं शेळ्या हाकताय. तेव्हा यांचं बोलणं जड झालं होतं, रेकॉर्डिंगमध्ये नीट कळायचं नाही, म्हणून यांनी वाक्य म्हणायचं आणि मागनं तेच मी म्हणायचं असं ठरलं. यांची सगळी वाक्यं अशी माझ्या तोंडात बसली. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम, त्यामुळं धड्याला चहापासून जेवणापर्यंतचाच काय तो वेळ.

खांद्याची खरी किल्ली एका रेघेत आहे. खांद्याच्या माथ्यावरनं एक स्नायू जातो आणि त्याची दोरी पुढं हाताच्या हाडाला बांधलेली असते. बहुतेकांची तीच दुखते, तीच तुटते. वरनं बघितलेल्या चित्रात ती मागनं पुढं तिरकी जाते, आणि आपली रेघ तिच्या अंगाअंगानं गेली पाहिजे. गेली तर सगळी दोरी एका चित्रात सलग दिसते. नाही गेली तर तिचे तुकडे होतात आणि तुटलीय की आपणच कापलीय ते कळत नाही. मला पडद्यावर ती दोरी ओळखूच यायची नाही. तेव्हा यांनी सांगितलं ते आंघोळीच्या वेळी. आंघोळ मीच घालायची, स्टुलावर बसवून. यांच्या खांद्यावरचं मांस उतरलं होतं, पाठीवरचं फऱ्याचं हाड असं वर आलं होतं की बघवत नसे. मी पाणी घालताना मान फिरवायची. यांच्या ते लक्षात आलं असणार. एकदा म्हणाले, "मान फिरवू नको, बोट ठेव. ह्या हाडाच्या वरच्या अंगानं जातंय बघ. आता लई सोपं झालंय." मी साबणाच्या हातानं त्या हाडावरनं बोट फिरवत गेले, पाठीकडनं खांद्याच्या टोकापर्यंत. त्या दिवशी मला तिरकी रेघ कळली. आणि त्या दिवसापासनं मी मान फिरवायचं सोडलं.

इथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. पुढं काय झालं कोण जाणे, धडा पुढं सरकेना. मी रेघ लावायची आणि हे म्हणायचे, पूस. मी म्हणायची, चालवून तरी बघू, चित्र कसं येतंय. नको, पूस. अजून थोडं तिरकं. परत मारली की, आता जास्त झालं, पूस. रोज तेच. एका संध्याकाळी तर या पुसापुशीत सूर्य कधी मावळला ते कळलं नाही आणि दोघांचं जेवण राहिलं. गिळायला आधीच त्रास, त्यात उपास... मी स्वतःवरच चिडले. हे म्हणाले, राहू दे, एका दिवसानं काय होतंय. ज्या माणसानं प्रवासातसुद्धा दिवस मावळल्यावर घास घेतला नाही, त्यानं हे म्हणावं! मला वाटलं आजार आता डोक्यावर चाललाय. काळजीनं मी वैशालीला फोन केला, म्हटलं, एकदा येऊन बघून जा, मला जमत नाहीये आणि यांना दिवस थोडे आहेत.

ती रविवारी आली, यांच्या आवडीची चटणी घेऊन. मी रोजच्यासारखी रेघ लावली. हे म्हणाले, पूस. वैशाली वाकून बघत होती. म्हणाली, अण्णा, का ओ? चालवून बघू की, आणि यांनी काही म्हणायच्या आत तिनं बटण दाबलं. चित्र आलं. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, काळीभोर. पुसलेल्या रेघाही सॉफ्टवेअरमध्ये साठून राहतात, वैशालीनं त्या आधीच्या रोजच्या तालमी उघडल्या, त्यातल्याही दोनतीन चालवून बघितल्या, आणि हळूच म्हणाली, "आक्का, तुमची रेघ कधीपासनं बरोबर हाय." मी यांच्याकडं बघितलं. हे खाली बघत होते, पेपरात कॉपी सापडलेल्या पोरासारखे. वैशाली शहाणी पोर, चहा करते म्हणून आत गेली.

मी तोंड सोडलं. लबाड म्हटलं, खोटारडे म्हटलं. तिकडं माणसं दुखरे खांदे घेऊन दोनदोनदा निजतात, ही पोर वाट बघतीय, तुमचं बोलणं दिवसादिवसानं चाललंय, आणि तुम्ही मला बरोबर रेघ पुसायला लावताय? का? हे एकेक शब्द जुळवत बोलले. "संपलं की तू उठून जातीस." थोडं थांबले, दम घेतला. "मग मी कुणाकडं बघू?"

मी स्वयंपाकघरात गेले तर वैशाली ओट्याशी उभी राहून डोळे पुसत होती, तिला सगळं ऐकू आलं होतं. जाताना ती यांच्या पाया पडली आणि म्हणाली, खांद्याची घाई नाही अण्णा, आमचा पेशंट असला की मी व्हिडिओ कॉल करत जाईन, तुम्ही नुसती मान हलवा. आणि तिनं तसंच केलं. तिनं फोन पुढं धरायचा, यांनी बघून मान हलवायची, मी सांगायचं. हे असेपर्यंत तिच्या सेंटरचा खांदा परत आल्याचं पुन्हा ऐकलं नाही. धडा कधी होणार हे तिनं तोंडातनं काढलं नाही. म्हणून तर त्या सकाळी ती तसं बोलून गेली आणि इतकी रडली.

दुसऱ्या दिवशी चहानंतर मी लॅपटॉप मांडला. आणि जन्मात केलं नाही ते केलं. रेघ जाणूनबुजून चुकीची लावली. चांगली पडद्याच्या कडेला समांतर, शाळेच्या फळ्यावर मारतात तशी. हे त्या रेघेकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. म्हणाले, चुकलं. मी विचारलं, कुठं चुकलं? म्हणाले, सगळंच. आणि आम्ही दोघं असे हसलो की यांना ठसका लागला, उठवून पाठीवर थापटावं लागलं. तेव्हापासून मी रोज चुकायची. कधी उजव्याच्या जागी डावा खांदा घ्यायची, कधी दुसरा लोकलायझर गाळायची, आणि हे मन लावून चूक काढायचे. पुढं शब्द गेले, तेव्हा डोळे मिटून 'पूस' म्हणायचे. शेवटी शेवटी तर मी माऊसला हातही लावत नव्हते. तीन करडी चित्रं समोर उघडी असायची आणि आम्ही बसलेलो असायचो. लग्नापासून सगळं मिळून जेवढं बसलो नसू तेवढं त्या काही महिन्यांत बसलो. खांदा राहिला तो असा राहिला. मला त्याचं वाईट वाटत नाही. लोकांना वाटलं तर वाटू दे.

पण यांना तो व्हायला हवा होता, हेही तितकंच खरं. माणसं पांगली, मुलगा पुण्याला गेला. गेल्या आठवड्यात वैशालीचा सहज म्हणून फोन आला. सेंटरमध्ये नवीन मुलगी लागलीय, तिच्या हातनं एका आज्जीचा खांदा चुकला, आज्जीला परत बोलवावं लागलं. म्हणाली, मी सांगायला बघते ओ आक्का, पण मला अण्णांसारखं सांगायला येत न्हाय. तेवढंच म्हणाली. पुढं मागितलं काही नाही.

काल चारच्या चहानंतर मी टेबलावर लॅपटॉप मांडला. यांची खुर्ची आहे तिथंच आहे, हलवायला मला झालेलं नाही. रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बोलायला लागले. रुसलेला जावई सांगितला, पेशंटला दुसऱ्या अंगाला सरकवायचं सांगितलं, हात अंगासरशी, अंगठा वर, कोपराखाली उशी. पहिला फोटो ओळखीचा, दुसरा कामाचा. फऱ्याच्या हाडावर बोट ठेवून बघा म्हणून सांगताना थोडं थांबावं लागलं, ते थांबणंही रेकॉर्ड झालंय, असू दे. मग रेघ लावली. हात जरासुद्धा चुकला नाही. सवयीनं मी वाट बघितली... कुणी पूस म्हटलं नाही. बटण दाबलं, दोरी सलग आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेकॉर्डिंग बंद केलं आणि वैशालीला पाठवून दिलं.

धडा संपला. मी उठले नाही.